कंडक्टरच्या शब्दांखालचं बटण

हेमलता माळी धुळ्यात देवपूरला राहते. वय सत्तेचाळीस. सकाळी एका संगणक वर्गात शिकवते आणि दुपारी घरी बसून लोकांच्या वेबसाइटी करते. बियाणांची दुकानं, मंगल कार्यालयं, दातांचे दवाखाने अशी तिची गिऱ्हाइकं. पण एक वेबसाइट तिनं कुणी सांगितली म्हणून केली नाही. ती तिच्या वडिलांची आहे.

वडील रुपचंद माळी, घरात नाना. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. त्यातली बरीचशी वर्षं शिरपूरहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या गाडीवर गेली. सकाळी रिकामी गाडी वर न्यायची आणि बाजाराला निघालेली माणसं, टोपल्या, पोती, कोंबड्या घेऊन खाली आणायची. तिकिटाच्या पेटीखाली नाना एक डायरी ठेवत. गाडीत कुणाच्या तोंडून अहिराणीतला किंवा पावरीतला वेगळा शब्द आला की पंच खिशात टाकून तो लिहून घेत. शब्द, अर्थ, कोणी सांगितला, कुठली गाडी, कुठलं साल. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर छापल्यासारखं. गाडी खड्ड्यात गेली की तेवढं अक्षर हलायचं. हेमलताला ते खड्डेसुद्धा ओळखू यायचे.

लहानपणी सुट्टीत नाना तिला सोबत न्यायचे. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती बसायची, आणि गाडी भरली की तिला उचलून कुणाच्या तरी मांडीवर द्यायचे. बहुतेक वेळा ती मांडी कमलबाईंची असायची. कमलबाई वाटेवरच्या पिंपळवाडीहून गवार आणि डांगर घेऊन बाजाराला जायच्या. तेव्हा जेमतेम तिशीच्या, आवाज मोठा, आणि शब्द सांगायला सगळ्यांत पुढे. "लिख रे भाऊ," म्हणून गाडीभर ओरडायच्या. मागच्या बाकावरची माणसं हसायची. नाना तिकीट फाडता फाडता मान डोलवायचे आणि खरंच लिहायचे.

नाना गेल्यावर हेमलतानं बावीस डायऱ्या घरी आणल्या. तीन वर्षं जमेल तसं ती टाइप करत राहिली. एक हजार नऊशे सत्तावीस शब्द निघाले. ते तिनं वर्णक्रमानं लावले आणि वेबसाइटवर टाकले. एका पानावर बारा शब्द, खाली पानांचे आकडे, एकपासून एकशे एकसष्टपर्यंत, आणि शेवटी 'पुढे'. सगळ्या याद्या ती अशाच करायची. गिऱ्हाइकांना चालायचं, म्हणून यातही तिनं वेगळा विचार केला नाही.

गेल्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर पिंपळवाडीच्या महिला मंडळानं तिला बोलावलं. देवळाच्या ओट्यावर पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. हेमलतानं भिंतीवर चादर टांगून वेबसाइट दाखवली, नानांच्या डायरीचा फोटो दाखवला. मग ज्यांच्याकडे फोन होते त्यांनी आपापल्या फोनवर उघडून पाहिलं. कमलबाई पुढेच बसल्या होत्या. आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, पण आवाज तोच. गावात साक्षरतेचे वर्ग भरायचे तेव्हा त्या अक्षर जोडून वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी सून पुनमचा फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि बोटानं एकेक शब्द वर सरकवत वाचू लागल्या.

वाचता वाचता बोट थांबलं. खाली काही सरकेना.

"बस? इतलाच?" कमलबाईंनी विचारलं.

"नही अक्का, बठ्ठा शेतस," सगळे आहेत म्हणत हेमलता जवळ गेली. "खाले आकडा देखा ना."

"त्या आकडा? मी म्हणं, तिकिटना नंबर व्हतीन."

बायका हसल्या. हेमलताही हसली आणि तिनं दोनच्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. आकडा इतका बारीक, की तिचं स्वतःचं बोट तीनवर पडलं. पान बदललं, नवं पान वरून सुरू झालं, आणि आधी वाचलेलं सगळं नाहीसं झालं. कमलबाईंना वाटलं फोन बिघडला. त्यांनी तो पुनमकडे परत दिला.

"बारा वरीस सांगात मी शब्द," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "तुना बापनी बाराच लिखात का व माय? त्या बी मन्हा नहीत."

हेमलतानं समजावायचा प्रयत्न केला. पण कमलबाई पदर सावरून उठल्या आणि मंडळाच्या बायकांना पाणी द्यायला निघून गेल्या. कार्यक्रम संपेपर्यंत त्या परत पुढे आल्या नाहीत.

परतीच्या गाडीत हेमलता खिडकीशी बसली होती. कंडक्टर तरुण होता, हातातल्या यंत्रातून तिकिटाची पट्टी काढून देत होता. तिनं किती लोकांनी वेबसाइट पाहिली याचे आकडे फोनवर उघडले. ते ती अधूनमधून पाहायची, पण फक्त किती आले तेवढंच. आज तिनं कुठलं पान किती जणांनी उघडलं ते पाहिलं. पहिलं पान चार हजार वेळा उघडलं होतं. दुसरं तीनशे वेळा. दहाव्यापुढे एकेरी आकडे होते, आणि कित्येक पानं तिच्याशिवाय कुणीच कधी उघडली नव्हती. नानांचे हजारावर शब्द ठेवल्या जागी पडून होते. तीन वर्षं तिनं ते टाइप केले ते कुणी पाहावेत म्हणून, आणि वाट तिनंच अरुंद ठेवली होती.

"बोट पोचत नाही तिथवर," रात्रीच्या जेवणाला तिचा नवरा अभिमन म्हणाला. तो माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. "माझ्या आईला बघ. तिला खाली खाली जायला आवडतं. पान उलटायला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, वैशाखाचं ऊन बाहेर पेटलेलं असताना, कूलर लावून ती कामाला बसली. करायचं काम मोठं नव्हतं. यादीच्या खाली एक रुंद बटण ठेवायचं. ते दाबलं की जावास्क्रिप्टनं गुपचूप पुढचं पान मागवायचं, आलेल्या पानातले फक्त बारा शब्द काढून घ्यायचे आणि समोरच्या यादीच्या शेवटी जोडायचे. म्हणजे आधीचं कुठे जात नाही, यादी फक्त लांबत जाते. शेवटचं पान आलं की बटण काढून टाकायचं. आकडेही तिनं काढले नाहीत, पार तळाशी नेऊन ठेवले. कुणाच्या जुन्या फोनवर बटण चाललंच नाही तर आकड्यांची वाट राहावी म्हणून.

बटणावर काय लिहायचं इथे मात्र ती अडली. गिऱ्हाइकांच्या साइटवर ती 'अधिक पाहा' लिहायची. ते तिनं लिहिलं आणि पुसलं. गाडी पायथ्याकडून निघाली की नाना खिडक्यांकडे बोट करून तिला झाडं, नाले, वस्त्या दाखवायचे, आणि ती त्यांची बाही ओढून म्हणायची, "नाना, आखो दखाड." अजून दाखव. तिनं तेच दोन शब्द बटणावर घातले.

मग तपासायला म्हणून तिनं बटण दाबलं. बारा शब्द आले. पुन्हा दाबलं. आणखी बारा. चालतंय हे दोन दाबांत कळलं होतं, तरी ती थांबली नाही. टाइप करताना तिनं डायऱ्या सालाप्रमाणे घेतल्या होत्या, एक झाली की दुसरी, आणि मन सगळं चुकीच्या वेलांट्यांकडे. वर्णक्रमानं, सलग, वाचण्यासाठी म्हणून तिनं ते कधी वाचलेच नव्हते. आता 'आंडेर', म्हणजे मुलगी, हा एकोणऐंशी सालचा शब्द होता आणि त्याच्या लगेच खाली शहाण्णव सालचा. एका ओळीत नाना तिशीचे, काळ्याभोर मिशांचे, चालत्या गाडीच्या दारात एका हातानं लोंबणारे. पुढच्या ओळीत पन्नाशीचे, चष्मा लावलेले, उभं राहून पाठ दुखते म्हणून बाकाला टेकलेले. 'उलसा', थोडासा. 'गंज', पुष्कळ. 'धल्ला', म्हातारा, त्याच्यापुढे अर्थ लिहून नानांनी कंसात 'मी अजून नाही' असं लिहिलं होतं. टाइप करताना ती त्या कंसावर हसली होती की नाही, तिला आठवेना. आता मात्र ती हसली, आणि हसता हसता तिला चष्मा काढून पुसावा लागला.

संध्याकाळी अभिमन आला तेव्हा ती 'म' मध्ये होती.

"झालं का बटण?" त्यानं विचारलं.

"केव्हाच," ती म्हणाली, आणि दाबत राहिली.

आठवड्यानं तिनं पुनमला फोन करून सांगितलं, सासूबाईंना आता पुन्हा दाखव. दोन दिवसांनी पुनमचाच फोन आला.

"ताई, बटण छान आहे, सासूबाईंना आवडलं. पण तेच शब्द तीन-तीनदा येताहेत. त्या म्हणतात, कंडक्टरभाऊंना विसर पडायचा का?"

हेमलताच्या लगेच ध्यानात आलं. धुळ्यात तिच्या घरी नेट पळतं. पिंपळवाडीत ते रांगतं. कमलबाईंनी बटण दाबलं, काही दिसलं नाही, म्हणून आणखी दाबलं, मग जोर लावून दाबलं. प्रत्येक दाबाला बटणानं इमानानं तेच पुढचं पान मागवलं होतं. तिनं दुरुस्ती केली. आता एकदा दाबलं की बटण फिकट होऊन मुकं व्हायचं आणि त्यावर 'थांब जरासा' असं यायचं. शब्द येऊन बसले की ते पुन्हा जागं व्हायचं. नेट मध्येच तुटलं तर 'परत दाब' म्हणायचं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी स्वतः कमलबाई होत्या.

"हेमा, मी 'ज' लगून गयथू," त्या रागावून म्हणाल्या. "एक शब्दवर बोट ठेवं, त्यानं पान उघडनं. मांगे उनू त परत 'अ'! पायऱ्या चढीसन कोणी खाले लोटी दिधं असं वाटनं मले."

ही चूक हेमलताला आधीच दिसायला हवी होती. शब्दावर बोट ठेवलं की त्याचं वेगळं पान उघडायचं, नानांच्या अक्षरातल्या ओळीचा फोटो असलेलं. तिथून मागे आलं की यादी नव्यानं सुरू व्हायची, कारण आपण कुठवर आलो होतो हे पानाला ठाऊकच नसायचं. गिऱ्हाइकांच्या साइटवर हे कुणी कधी बोललं नव्हतं. तिथली माणसं वैतागून निघून गेली असतील. कमलबाई निघून गेल्या नाहीत, भांडायला आल्या. हेमलतानं दोन दुपारी घालवून तेही केलं. प्रत्येक दाबाला कितवं पान झालं ते फोनवर वर दिसणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्यात नोंदलं जाईल, आणि परत आल्यावर तिथवरची यादी भरून नेमक्या त्याच शब्दापाशी माणूस उभा राहील, असं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस पिंपळवाडीहून काही आलं नाही. हेमलताला वाटलं, कंटाळल्या असतील. एकशे साठ वेळा बटण दाबणं थट्टा नव्हती. मग एका सकाळी, ती वर्गावर निघालेली असताना, फोन वाजला.

"हिरीख भेटना मले," कमलबाई म्हणाल्या.

हिरीख म्हणजे मनातून उसळणारा आनंद, हौस. 'ह' मधला शब्द, पार शेवटाकडचा. हेमलताला त्यापुढची नोंद पाठ होती: 'सांगणार कमलबाई, पिंपळवाडी. बाजारची गाडी. १९८१.'

"मनं नाव लिखेल शे," कमलबाई म्हणाल्या, आणि ती नोंद म्हणून दाखवली. मग, "मन्हा एकेचाळीस शब्द शेतस. मी भित्तवर खडूघाई रेघा वढ्यात. अन आते बटन गयं व हेमा. दखाय नही."

"अक्का, सरनात शब्द. म्हनीसन गयं ते."

"सरनात कसा?" कमलबाईंचा आवाज जुन्या गाडीतल्यासारखा चढला. "मन्हाकडे शेतस ना आखो. तू ये अन लिखी ले."

रविवारी हेमलता पिंपळवाडीला गेली. जाताना बाजारातून नवी डायरी घेतली. कमलबाईंनी ओट्यावर गोधडी अंथरून ठेवली होती. भिंतीवर खडूच्या रेघा खरंच होत्या, पाच-पाचाच्या जुड्या करून ओढलेल्या. त्या दुपारी कमलबाईंनी तेवीस शब्द सांगितले. त्यातले चार आधीच यादीत होते. हेमलतानं तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "व्हवू दे, लिख." तिनं लिहिले.

उन्हं कलली तेव्हा कमलबाईंनी विचारलं, "रुपलीना किती शेतस?"

हेमलताला रुपली अंधुक आठवत होती. गाडी सुटायची त्या पायथ्याच्या पाड्यावरून ती चढायची. मोहाची फुलं किंवा चारोळीची पुरचुंडी घेऊन. तिची बोली पावरी, कमलबाईंची अहिराणी. एका बाकावर शेजारी बसून दोघी जाता-येता बोलायच्या. अर्धं एकमेकींना कळायचं, उरलेलं हातवाऱ्यांनी. हेमलतानं फोनवर शोधून मोजलं.

"सात."

"सात? तीनी त गंज सांगेल व्हतात." कमलबाईंनी मान हलवली. "तुना बापले नीट आयकू येये नही. तो 'परत सांग, परत सांग' करे, अन ती लाजीसन चूप ऱ्हाये." मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "एक साल ती गाडीमा उनीच नही. दुसरं साल बी नही. कोठे गयी, काय व्हयनं, कोणले इचारसू? मी दर बाजारले जागा धरी ठेवू. तुना बापबी तठे कोणले बसू देये नही, शिरपूर येवालगून."

हे हेमलताला माहीत नव्हतं. डायरीत त्याची नोंद नव्हती. ती परत आली आणि तिनं वेबसाइटवर एक छोटी ओळ घातली: या यादीतल्या कुणाबद्दल काही ठाऊक असेल तर कळवा. खाली स्वतःचा फोन नंबर.

पावसाळा सरून कापूस वेचणीला आला तेव्हा एक संदेश आला. पाठवणारा चैत्राम पावरा, पायथ्याच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. त्यानं लिहिलं होतं, की शाळेतल्या मुलांसाठी पावरी शब्द शोधत असताना ही यादी सापडली. फोनवर बटण दाबत दाबत बऱ्याच खाली गेल्यावर आईचं नाव दिसलं. आधी वाटलं दुसरी कुणी रुपली असेल, पण पाड्याचं नाव आणि गाडी जुळली. आई पाच वर्षांपूर्वी गेली. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे. ती बाजाराला जायची तेव्हाचं सांगणारं घरात आता कुणी उरलं नाही.

हेमलतानं तो संदेश दोनदा वाचला आणि चैत्रामला फोन लावला.

पुढच्या रविवारी दोघं पिंपळवाडीच्या फाट्यावर भेटले. चैत्राम पन्नाशीकडे झुकलेला, सावळा, कमी बोलणारा. हातात पिशवी, पिशवीत चारोळी. कमलबाई ओट्यावर बसून वाट पाहत होत्या. त्यांनी त्याचा चेहरा हातात धरून उजेडाकडे वळवला.

"तिनंच नाक शे," त्या म्हणाल्या. "बस."

ती का येईनाशी झाली ते चैत्रामनं सांगितलं. बाप झाडावरून पडून अधू झाला. आईनं बाजार सोडला आणि ऊसतोडीला गुजरातकडे जायला लागली. परत आली ती काही वर्षांनी, तोवर पाड्याजवळ दुसरीकडे जाणारी जीप सुरू झाली होती. कमलबाई ऐकत होत्या. त्याचं सांगून झाल्यावर त्या सांगू लागल्या. रुपली हसताना तोंडावर पदर कसा घ्यायची. गाडीत ओकारी येऊ नये म्हणून चिंच कशी चघळायची. एकदा कंडक्टरला शब्द सांगताना मुद्दाम खोटाच शब्द सांगितला, आणि तो लिहायला लागल्यावर तिला पाप वाटून त्याच्या हातून पेन काढून घेतलं. चैत्राम पहिल्यांदाच मोकळा हसला.

"हे आईनं कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

पुनमनं चहा दिला. मग त्यानं फोन काढून आईचे सातही शब्द हेमलतासमोर धरले.

"ताई, राग मानू नका. यातले दोन चुकलेत. तुमच्या वडिलांना गाडीच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल. इथे शेवटी 'ऊ' हवा. आणि हा शब्द दोन तुकड्यांचा आहे, त्यांनी एकच धरला."

त्यानं ते शब्द म्हणून दाखवले. हेमलतानं दोनदा म्हणवून घेतले, स्वतः म्हटले, त्यानं मान हलवली, तिनं पुन्हा म्हटले. कमलबाईही सोबत म्हणू लागल्या. मग हेमलतानं डायरीत लिहून घेतलं. नानांची ओळ पुसायचं तिच्या मनाला येईना आणि चुकीचं ठेवणंही बरं नव्हतं. तिनं नानांचं लेखन होतं तसं ठेवलं आणि खाली दुसरी ओळ जोडली: 'दुरुस्ती चैत्राम, रुपलीचा मुलगा.'

संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता. चैत्राम म्हणाला, त्याच्याकडे आईचे आणखी शब्द आहेत, पण ते त्याला सांगायचे म्हटलं की आठवत नाहीत, काम करताना आठवतात. हेमलता म्हणाली, आठवतील तसे पाठवा. तो बरं म्हणाला, आणि कमलबाईंच्या ओट्याखालची चुलीची लाकडं विस्कटलेली पाहून उगाच रचायला बसला. तिसरं लाकूड ठेवताना त्याला एक शब्द आठवला.